चार बिंदूंची वक्ररेषा

कला महाविद्यालयातला विद्यार्थी जुने पोस्टर संगणकावर नव्याने उतरवायला बसतो, तेव्हा त्याच्या हाती असलेले 'पेन टूल' आपल्या पेनासारखे रेघ ओढत नाही. तो पडद्यावर दोन बिंदू ठेवतो, प्रत्येकातून एक दांडा बाहेर ओढतो आणि दांडे फिरवील तशी मधली रेषा वाकते. नवख्याला हा द्राविडी प्राणायाम वाटतो. ही रीत चित्रकारांनी शोधलेली नाही. ती आली मोटारींच्या कारखान्यांतून.

जहाजे बांधणारे कारागीर मोठा वक्र काढण्यासाठी लाकडाची लवचिक पट्टी वाकवीत आणि जागोजागी शिशाची वजने ठेवून ती धरून ठेवीत. मोटारीच्या पत्र्याचे आकारही नकाशे, नमुने आणि साचे यांतूनच ठरत. पुढे आकड्यांच्या आज्ञांवर चालणारी यंत्रे आली. सुताराला 'इथे जरा फुगीर कर' असे सांगता येते. यंत्राला आकडेच द्यावे लागतात. मग डोळ्याला सुंदर दिसणारा वक्र आकड्यांत सांगायचा कसा?

पॉल द कास्तेल्जो हे तरुण गणिती १९५८ साली फ्रान्समधील सित्रोएन कंपनीत रुजू झाले आणि १९५९ मध्ये त्यांनी याचे उत्तर शोधले. ते इतके सोपे आहे, की आठवीच्या वर्गात करून पाहता येईल.

आलेख कागदावर (०, ०), (०, ८), (८, ८) आणि (८, ०) हे चार बिंदू घ्या आणि क्रमाने जोडा. तीन रेषाखंड मिळतील. त्यांचे मध्यबिंदू (०, ४), (४, ८) आणि (८, ४). हे तीन जोडले की दोन रेषाखंड; त्यांचे मध्यबिंदू (२, ६) आणि (६, ६). हे दोन जोडून पुन्हा मध्य काढला, की येतो (४, ६). हा आपल्या वक्राचा एक बिंदू. मध्याऐवजी प्रत्येक वेळी एक-चतुर्थांशावर, एक-तृतीयांशावर खूण केली तर वक्राचे आणखी बिंदू मिळतात. वक्र पहिल्या बिंदूपासून निघतो आणि चौथ्यावर संपतो. दुसरा आणि तिसरा बिंदू त्याला नुसते आपल्याकडे ओढतात. विद्यार्थ्याच्या दांड्यांची टोके ती हीच.

सित्रोएनने ही रीत गुप्त ठेवली. दरम्यान रेनो कंपनीतले अभियंते पिएर बेझिए स्वतंत्रपणे त्याच वक्राशी पोचले आणि १९६०च्या दशकात त्यांनी आपले काम प्रसिद्ध केले. साहजिकच जगाने या वक्राला बेझिए यांचे नाव दिले. बेझिए यांनी कोणाचे काही उचलले नव्हते. अन्याय झाला तो कपाटात बंद ठेवलेल्या अहवालांमुळे. पुढे द कास्तेल्जो यांचे काम उजेडात आले, तेव्हा वर केलेल्या कृतीला त्यांचे नाव मिळाले. गंमत म्हणजे, या वक्रामागच्या बहुपदी रशियन गणिती सर्गेई बर्नस्टाइन यांनी १९१२ सालीच मांडल्या होत्या, अगदी वेगळ्या कारणासाठी.

कारखान्यातून हा वक्र छपाईत आला तो अ‍ॅडोबी कंपनीच्या पोस्टस्क्रिप्ट या भाषेतून, १९८४ मध्ये. १९८७ साली त्याच कंपनीचे इलस्ट्रेटर आले आणि वक्र चित्रकाराच्या हाती पडला. कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांच्या पत्नी मार्वा ग्राफिक डिझायनर होत्या. कंपनीचे पहिले बोधचिन्ह त्यांनीच काढले.

पोस्टरसाठी या वक्राचे मोल मोठे आहे. ठिपक्यांनी साठवलेले पोस्टकार्डाएवढे चित्र भिंतीएवढे केले, की ठिपक्यांचे चौकोन होऊन कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. आपल्या वक्राचे मात्र आठच आकडे. त्यांना पन्नासने गुणले की पन्नासपट मोठा, तितकाच गुळगुळीत वक्र तयार! छापताना शेवटी ठिपकेच पडतात, पण ते नव्या आकारानुसार नव्याने मोजलेले असतात. (परिपूर्ण वर्तुळ मात्र यातून निघत नाही. चार वक्र जोडून काढलेले वर्तुळ त्रिज्येच्या दहा हजारांत तीन भागांइतकेही चुकत नाही, म्हणून कोणाची तक्रार नसते.)

गणित यंत्र करते, पण बिंदू कुठे ठेवायचे हे विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते. जुन्या पोस्टरवरचे एखादे वळणदार अक्षर गिरवताना नवखा वीस बिंदू टोचतो आणि रेषा थरथरते. जाणता वळणाच्या माथ्यावर एक, पायथ्याशी एक ठेवतो आणि बाकीचे दांड्यांवर सोपवतो. आमच्या मते रेखाटनाचा सराव इथे अधिकच लागतो, कारण रेषा ओढण्याआधी ती मनात पुरी दिसावी लागते.

दांडे एकमेकांना छेदले तर काय होते, हेही आलेख कागदावर पाहावे. वरच्या उदाहरणात दुसऱ्या आणि तिसऱ्या बिंदूंची अदलाबदल करा. मधला बिंदू पुन्हा (४, ६) हाच येईल. पण आजूबाजूचे बिंदू काढून जोडले, की तिथे आता कमान नसेल, काट्यासारखे टोक असेल.