व्हिनेगरचा बोळा: एका तपासणीची कुळकथा

या तपासणीचं सगळं सामान एका ट्रेमध्ये मावतं: स्पेक्युलम, कापसाचे बोळे, चांगल्या उजेडाचा दिवा आणि तीन ते पाच टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरच्याच ताकदीचं द्रावण. गर्भपिशवीचं तोंड नीट दिसेल असा स्पेक्युलम सिस्टर लावते, भिजवलेला बोळा तिथे अलगद धरते आणि एक मिनिट थांबते. निरोगी भाग गुलाबीच राहतो. जिथल्या पेशी बिघडू लागल्या आहेत तिथे मात्र ठळक कडेचा, दाट पांढरा चट्टा उमटतो आणि काही मिनिटांत विरूनही जातो. बिघडलेल्या पेशीचं केंद्रक मोठं आणि प्रथिनांनी गच्च भरलेलं असतं. आम्लामुळे ती प्रथिनं थोडा वेळ साकळतात, आत शिरणारा उजेड माघारी फिरतो आणि तो भाग पांढरा दिसतो. बाई टेबलावरून उतरायच्या आत निकाल हाती असतो. आरोग्य खात्यात या तपासणीला 'व्हीआयए' म्हणतात.

ही तपासणी ज्याच्यासाठी आहे तो गर्भाशयमुखाचा, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग सावकाश होणारा आजार आहे. पेशी बिघडायला लागल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारण पंधरा ते वीस वर्षं जातात. एवढ्या काळात काही दुखत नाही, अंगावरून लाल जात नाही, बाईला काहीच कळत नाही. कळतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणूनच लक्षणांची वाट न पाहता आधीच तपासावं लागतं. या तपासण्याची कुळकथा शंभर वर्षांची आहे. तिच्यात अभिमानाने सांगावं असं पुष्कळ आहे आणि मान खाली घालावी असंही आहे.

तिचा मूळपुरुष हान्स हिन्सेलमान हा जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ. डोळ्यांना दिसायच्या आधीचा कर्करोग भिंगातून दिसेल, या विचाराने त्याने १९२५च्या सुमारास दोन डोळ्यांनी पाहायचं भिंग आणि दिवा एका स्टँडवर बसवला. हाच कॉल्पोस्कोप, आणि तो आजही वापरात आहे. पुढच्या दशकात त्याने पातळ ॲसिटिक ॲसिड वापरायला सुरुवात केली. आम्लाने चिकट स्राव निघून जातो आणि बिघडलेला भाग पांढरा होऊन वेगळा उठून दिसतो. त्याच सुमारास व्हिएन्नामध्ये वॉल्टर शिलर याने आयोडिनचा मार्ग शोधला. निरोगी पेशींत ग्लायकोजेन भरपूर असतं, त्यामुळे आयोडिन लावल्यावर त्या गडद तपकिरी होतात, तर बिघडलेल्या पेशी पिवळ्याच राहतात. व्हिनेगर आणि आयोडिन या दोन्ही तपासण्या अशा एकाच काळात, शेजारशेजारच्या देशांत जन्मल्या.

पुढचा भाग वगळून ही कथा सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. दुसऱ्या महायुद्धात आउश्वित्झच्या छळछावणीचा मुख्य डॉक्टर एडुआर्ड विर्त्स होता. त्याचा भाऊ हेल्मुट हिन्सेलमानच्या हाताखाली काम करणारा स्त्रीरोगतज्ज्ञ होता. छावणीच्या दहा क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये कैदी ज्यू बायकांची तपासणी कॉल्पोस्कोपने झाली, त्यांच्या गर्भाशयमुखाचे तुकडे काढले गेले आणि तपासायला हॅम्बुर्गला पाठवले गेले. त्या बायकांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांच्या उपचारासाठी यातलं काहीही केलं गेलं नव्हतं. युद्धानंतर हिन्सेलमानला शिक्षा झाली ती दुसऱ्या गुन्ह्यासाठी, रोमा बायकांची सक्तीने नसबंदी केल्याबद्दल. ट्रेमधल्या बोळ्यामागे या बायकाही आहेत.

दरम्यान कुळाची दुसरी शाखा अटलांटिकपलीकडे वाढली. ग्रीसमधून न्यूयॉर्कला गेलेले जॉर्ज पापानिकोलाऊ काचपट्टीवर पसरलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. त्यांच्या पत्नी आंद्रोमाखी यांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या पेशींचे नमुने त्यांना दिले. रुमानियात औरेल बाबेश यांनाही स्वतंत्रपणे तीच वाट सापडली होती. १९२८ साली पापानिकोलाऊंनी मांडलेल्या कल्पनेकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९४१ मध्ये हर्बर्ट ट्राउट यांच्याबरोबर लिहिलेला लेख आणि १९४३चा त्यांचा ग्रंथ आल्यावर चित्र पालटलं. ज्या देशांनी 'पॅप' तपासणी नेटाने राबवली, तिथे या कर्करोगाने होणारे मृत्यू निम्म्याहून खाली आले. व्हिनेगर आणि आयोडिन मग मोठ्या दवाखान्यांतल्या कॉल्पोस्कोपजवळच राहिले.

पण पॅपच्या मागे मोठी यंत्रणा लागते. नमुना नीट घ्यायचा, काचपट्टी प्रयोगशाळेत पोचवायची, प्रशिक्षित माणसाने ती बारकाईने पाहायची, अहवाल परत यायचा आणि दोष निघालाच तर बाईला पुन्हा शोधून बोलवायचं. दिवसाची मजुरी बुडवून एकदा आलेली बाई दुसऱ्यांदा येईलच असं नाही. जिथे ही यंत्रणा नव्हती अशा देशांत पॅप शहरातल्या मूठभर बायकांपुरतीच राहिली.

इथे व्हिनेगर पुन्हा बाहेर आलं. १९८२ साली ओत्ताव्हियानो आणि ला टोरे या इटलीतल्या दोन डॉक्टरांनी २४०० बायकांची तपासणी करून एक साधा प्रश्न सोडवला: भिंग काढून टाकलं तर काय हरवतं? उत्तर निघालं, फारसं काही नाही. आम्ल लावल्यावर नुसत्या डोळ्यांना दिसणारं आणि कॉल्पोस्कोपला दिसणारं बव्हंशी जुळत होतं. कुळकथेतलं हे सगळ्यात महत्त्वाचं वळण असं मला वाटतं, कारण इथे एक गोष्ट नव्याने जोडण्याऐवजी काढून टाकली गेली. भिंग गेलं तसं भिंगामागच्या तज्ज्ञावाचून अडणंही संपलं. १९९९ मध्ये झिंबाब्वेतल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं की प्रशिक्षित परिचारिका हे काम करू शकतात. त्यांच्या नजरेतून गंभीर बिघाड असलेल्या बायकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश सुटत नव्हत्या. मात्र निरोगी असूनही चट्टा 'दिसलेल्या' बायकाही बऱ्याच होत्या. तपासणीची ही उणीव तेव्हापासून माहीत आहे.

आता ही वाट आपल्याकडे वळते. बार्शीत डॉ. बी. एम. नेने यांच्या प्रयत्नांतून नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय उभं राहिलं. टाटा मेमोरियलच्या डॉ. कस्तुरी जयंत यांच्या पुढाकाराने १९८७ साली तिथे बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांसाठी भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण बाई कर्करोगाने गेली तर बऱ्याचदा ते कुठल्या कागदावर येत नसे. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले आणि जाताना बोलू लागले: पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जात असेल, संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर लाजू नका, दाखवा. एवढ्यानेच फरक पडला. बायका आधीच्या अवस्थेत येऊ लागल्या आणि अधिक जणी जगू लागल्या. यंत्रसामग्रीच्या आधी बोलणं पोचलं, म्हणून पुढच्या तपासण्यांना तिथे जमीन तयार मिळाली.

१९९८ मध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांना घेऊन चाचणी सुरू केली. निम्म्या बायकांना दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा व्हिनेगरची तपासणी देऊ केली गेली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाही नव्हत्या. निदान दहावी शिकलेल्या बायकांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन हे काम सोपवलं होतं. बोलावलेल्या दहाजणींपैकी जवळपास नऊजणी आल्या. पडदा ओढून दुसऱ्याच्या हाती शरीर सोपवायचं, घरी विचारलं जाण्याची भीती, सासूची नजर, हे सगळं ओलांडून त्या आल्या, कारण समोरची बाई त्यांच्यासारखंच बोलणारी होती. बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर निकाल निघाला: तपासणी मिळालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. देशभर हे केलं तर वर्षाला २२ हजार मृत्यू टळू शकतील असा अंदाज तेव्हा मांडला गेला. त्याआधी तमिळनाडूत दिंडिगल जिल्ह्यात परिचारिकांनी केलेल्या तपासणीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटल्याचं २००७ साली प्रसिद्ध झालं होतं.

तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या चाचणीने मात्र या कौतुकाला मर्यादा घातली. बार्शीचं रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑन इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ५२ ग्रामसमूहांतल्या १,३१,७४६ बायका चार गटांत विभागल्या: व्हिनेगर, पॅप, एचपीव्ही चाचणी आणि कोणतीही तपासणी नाही. एचपीव्ही हा विषाणू या कर्करोगामागे असल्याचं हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८०च्या दशकात दाखवलं होतं आणि त्याबद्दल २००८ साली त्यांना नोबेल मिळालं. २००९ मध्ये निकाल आला. विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केलेल्या गटात ३४ मृत्यू होते, तपासणी न झालेल्या गटात ६४. व्हिनेगर आणि पॅपच्या गटांत, एकाच फेरीनंतर, मृत्यू ठोसपणे कमी झालेले दिसले नाहीत. व्हिनेगरची तपासणी पाहणाऱ्याच्या नजरेवर उभी असते, तिला पुन्हा पुन्हा करण्याची जोड लागते. पाळी गेल्यावर, जिथे पेशी बिघडतात तो भाग आत सरकतो, मग ती बाई या तपासणीला योग्य राहत नाही. आज जागतिक आरोग्य संघटना पहिली पसंती एचपीव्ही चाचणीला देते, आणि त्या शिफारशीमागे मराठवाड्यातल्या खेड्यांतल्या बायकांचा मोठा वाटा आहे.

या तिन्ही भारतीय चाचण्यांत मिळून सुमारे १ लाख ३८ हजार बायकांना तपासणी मिळाली नव्हती आणि त्यांतल्या २५४ जणी या कर्करोगाने गेल्या. पॅपचा उपयोग आधीच ठाऊक असताना तपासणीविना गट ठेवणं योग्य होतं का, असा प्रश्न वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी विचारला. संशोधकांचं म्हणणं असं, की देशात सर्वसाधारण बायकांना अशी तपासणी मिळतच नव्हती आणि त्या गटातल्या बायकांना आजाराची माहिती आणि उपचाराची सोय दिली होती. हा वाद आउश्वित्झच्या पंगतीत बसवणं चूक ठरेल. इथे हेतू जीव वाचवण्याचा होता आणि जीव वाचलेही. पण गरीब बाईला काय आणि किती समजावून सांगितलं, हा प्रश्न रास्त आहे. मला वाटतं, त्या २५४ जणींचं ऋण आहे आणि ते फेडण्याचा मार्ग एकच: त्यांच्यामुळे जे कळलं ते सगळ्यांपर्यंत पोचवणं.

ते पोचलेलं नाही. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी पाच वर्षांतून एकदा व्हिनेगरची तपासणी ठरवली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयोगटातल्या शंभरांत दोनजणींनीही गर्भाशयमुखाची तपासणी कधी करून घेतली नव्हती. ज्यांना धोका जास्त त्यांची चिंता आणखी मोठी. एचआयव्हीबाधित बाईला हा कर्करोग होण्याची शक्यता सहापट असते, आणि उपचार सुरू नसतील तर पंधरा-वीस वर्षांचा अवधी पाच ते दहा वर्षांवर येतो. अशा बाईने पंचविशीपासून, दर तीन ते पाच वर्षांनी तपासणी करावी अशी शिफारस आहे. एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या, म्हणजे एआरटी केंद्रात गोळ्या घ्यायला ती नियमित येतेच, मग तिथेच हे विचारलं जायला हवं.

कुळातली सगळ्यात धाकटी पिढी आता आली आहे. एचपीव्ही चाचणीसाठी बाई स्वतःच, आडोशाला जाऊन, छोट्या ब्रशने नमुना घेऊ शकते. दोष निघाला तर बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणाने बिघडलेला भाग मिनिटभराच्या उष्णतेने जाळता येतो, भूल देऊन झोपवावं लागत नाही. भिंगाकडून डोळ्याकडे, डॉक्टरकडून दहावी शिकलेल्या बाईकडे आणि आता तपासल्या जाणाऱ्या बाईच्या स्वतःच्या हाती, असा हा शंभर वर्षांचा प्रवास आहे. प्रत्येक टप्प्यावर तपासणी बाईच्या जितकी जवळ गेली तितके जीव वाचले. एचपीव्ही चाचणी गावात येईपर्यंत व्हिनेगरचा बोळा कमी दर्जाचा म्हणून बाजूला ठेवू नये. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने आरोग्य केंद्रात गेल्यावर एवढं विचारावं: माझी पिशवीच्या तोंडाची तपासणी कधी करता, आणि काही निघालं तर उपचार कुठे करता? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नसेल तर पहिल्याचं उत्तर अपुरं आहे, आणि ते पूर्ण करून घेणं हा तिचा हक्क आहे.