शिकविणाऱ्या परिचारिकेचे ओझे

परिचर्येचा इतिहास सांगताना आपण नाइटिंगेलबाईंच्या हातातील दिव्यापाशीच थांबतो. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. दिवा दिसला की त्यात तेल कोण घालते, हे विचारण्याची आम्हांला खोड आहे.

लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात १८६० साली नाइटिंगेल फंडातून परिचारिकांची शाळा निघाली. शाळेच्या प्रमुख वॉर्डरोपरबाई रुग्णालयाच्याही मेट्रन होत्या. शिकविण्याचे काम वॉर्डातील सिस्टरांवर पडले. त्याबद्दल त्यांना फंडातून जादा पैसे मिळत; पण जादा तास कोठून मिळणार? रोगी सांभाळून उरेल त्या वेळात शिकवायचे. १८७१ मध्ये रुग्णालय मोठ्या वास्तूत गेले. १८७२ मध्ये नाइटिंगेलबाईंनी स्वतः लक्ष घातले, तेव्हा शिक्षण कच्चे असल्याचे त्यांना आढळले.

पुढे विद्यार्थिनींचा अभ्यास व विचारपूस यांसाठी स्वतंत्र 'होम सिस्टर' नेमली गेली. १८७५ मध्ये या जागी आलेल्या मेरी क्रॉसलंड १८९६ पर्यंत टिकल्या.

हा धडा लंडनपुरता नाही. आपल्याकडे १९४७ च्या कायद्याने झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेने दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण घातले. पण जागा रिकामी राहिली, तर तिचा भार शेजारणीवर पडतो. थकून तीही निघून जाते, आणि नव्या शिक्षिकेला हाताशी धरून तयार करणारे कोणी उरत नाही. म्हणून आमचे मागणे एवढेच, की शिकविण्याचे तास हे कामाचेच तास धरा. शिकविणारी टिकली, तरच उद्या आपल्या उशाशी जाणती परिचारिका उभी राहील.