देव दगडात, माणसे लाकडात

अंगकोर वाटचे छायाचित्र पाहिले नाही असा वाचक विरळाच. पाच शिखरे, त्यांचे पाण्यातले प्रतिबिंब आणि भोवती सुमारे 190 मीटर रुंदीचा खंदक. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ख्मेर राजा दुसरा सूर्यवर्मन याने विष्णूसाठी हे मंदिर उभारले, हेही बहुतेकांना ठाऊक असते. मात्र एक साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो: हे दगड रचणारी, येथे दिवे लावणारी आणि या साऱ्यांना पुरेल इतका भात पिकवणारी माणसे राहत कुठे होती?

प्रश्न साधा असला तरी विसाव्या शतकातील बहुतेक काळ त्याला समाधानकारक उत्तर नव्हते. त्याचे कारण ख्मेर समाजाच्या रीतीतच होते. दगड आणि वीट देवासाठी राखलेली. माणसांची घरे, अगदी राजाचा महालसुद्धा, लाकडाची. 1296-97 मध्ये येथे राहून गेलेला चिनी दूत चौ ता-क्वान लिहितो की, सामान्यांच्या घरांवर गवताचे छप्पर असे आणि कौले घालण्याची त्यांना मुभा नव्हती. त्या दमट हवेत लाकूड आणि गवत किती टिकणार? देव उरले, माणसे मातीत मिळाली.

1907 साली हा प्रदेश सयामकडून फ्रेंच अमलाखालील कंबोडियात आला. त्यानंतर फ्रेंच विद्वानांनी मंदिरांवरचे रान काढले, ढासळलेले दगड पुन्हा रचले, संस्कृत व ख्मेर शिलालेख वाचले आणि राजांची वंशावळ सिद्ध केली. हे काम थोर आहे यात शंका नाही. पण जे टिकले त्याचाच इतिहास झाला. शिलालेखांत माणसे आहेत, परंतु आकड्यांच्या रूपात. सातव्या जयवर्मनने उभारलेल्या ता प्रोम या मंदिराच्या 1186 च्या लेखात, मंदिराच्या सेवेस 3,140 गावे आणि 79,365 माणसे लावून दिल्याची नोंद आहे. (याच मंदिराच्या जतनाच्या कामात पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण सहभागी झाले.) एवढी गावे नकाशावर कुठे दाखवायची, हे मात्र कोणी सांगू शकत नव्हते.

नकाशाचे काम टप्प्याटप्प्याने पुढे गेले. बर्नार-फिलिप ग्रोलिए यांनी 1979 मध्ये अंगकोर हे जलव्यवस्थेवर उभे राहिलेले नगर असल्याचा सिद्धांत मांडला. पुढे हवाई छायाचित्रे, प्रत्यक्ष पायपीट आणि नासाच्या रडार प्रतिमा यांच्या आधारे डेमियन एव्हान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये एक विस्तृत नकाशा प्रसिद्ध केला. सुमारे 1,000 चौरस किलोमीटरवर विखुरलेली वस्ती, कालवे, बांध, तळी आणि गावदेवळे त्यात दिसली. पण ज्या भागात मोठी मंदिरे होती, तेथे दाट झाडी असल्यामुळे नेमका तोच भाग बराचसा कोरा राहिला.

तो कोरा भाग भरून काढला लिडार या तंत्राने. हेलिकॉप्टरला बसवलेले उपकरण जमिनीकडे लेसरचे असंख्य स्पंद सोडते. बहुतेक स्पंद पानांवर आदळून परत येतात, पण काही फटींतून जमिनीपर्यंत पोचतात. परतण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढायचे आणि संगणकावर झाडांचे बिंदू वगळायचे, की उघड्या जमिनीचे रूप हाती येते. वीतभर उंचीचा चढउतारही त्यात उमटतो. एप्रिल 2012 मध्ये 370 चौरस किलोमीटरची आणि 2015 मध्ये 1,900 चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेशाची अशी पाहणी झाली.

अंगकोर वाटच्या आवारात आजवर केवळ झाडी दिसत होती. तेथे काटकोनात आखलेल्या वाटा, त्यांमधली मातीची उंचवट्याची जोती आणि प्रत्येक जोत्यांच्या गटाजवळ लहान तळी, असा सारा आराखडा प्रकट झाला. आपल्याकडे गावाच्या वस्तीच्या जमिनीला 'पांढर' आणि शेताच्या जमिनीला 'काळी' म्हणतात. वस्ती उठून गेली तरी माती तिची ओळख सोडत नाही, हा त्यामागचा जुना अनुभव. लिडारने वाचली ती अशीच पांढर. पुढे अशा जोत्यांवर उत्खनन झाले, तेव्हा स्वयंपाकाच्या खुणा आणि घरगुती भांड्यांची खापरे हाती लागली. मंदिराच्या आवारातच चुली पेटत होत्या.

ईशान्येकडच्या कुलेन पठारावर रस्त्यांचे प्रचंड जाळे दिसले, तेव्हा 2013 मध्ये वृत्तपत्रांनी 'हरवलेले शहर सापडले' असे मथळे दिले. हा शब्दप्रयोग तपासून पाहावा असा आहे. अकराव्या शतकाच्या मध्यास कोरलेल्या स्दोक काक थोम येथील लेखात महेंद्रपर्वताचे नाव आहे. हिरण्यदाम या ब्राह्मणाने तेथे दुसऱ्या जयवर्मनसाठी विधी केल्याचे त्यात सांगितले आहे. परंपरेने तो प्रसंग इ.स. 802 चा मानतात. फिलिप स्टर्न यांनी 1936 मध्ये कुलेनवर शोधकार्य केले होते, आणि नंतरच्या संशोधकांनी भूसुरुंगांच्या धोक्यातही ते चालू ठेवले. भोवतालच्या गावकऱ्यांना तर ही ठिकाणे माहीतच होती. लिडारने नवे दिले ते या विखुरलेल्या अवशेषांमधले नाते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ते सुमारे 40 ते 50 चौरस किलोमीटरवर आखलेले नगर होते.

या साधनाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. नकाशाला काळ नसतो. नवव्या शतकातला बांध आणि तेराव्या शतकातला रस्ता एकाच पातळीवर शेजारी शेजारी उमटतात. त्यांतले आधीचे कोणते, हे शेवटी कुदळीनेच ठरते. अंगकोर वाटच्या दक्षिणेस मातीच्या बांधांची काटकोनी सर्पिल रचना दिसली, तिचे प्रयोजन उलगडलेले नाही. उलटपक्षी, न दिसणे हाही पुरावा ठरू शकतो. पंधराव्या शतकात राजधानी ओस पडून सारी प्रजा दक्षिणेकडे गेली, असे सांगितले जाई. तसे असते तर दक्षिणेत त्या काळची दाट नगरे दिसायला हवी होती. 2015 च्या पाहणीत ती दिसली नाहीत. एकाएकी झालेल्या पाडावाच्या कथेपेक्षा दीर्घकाळ चाललेली ओहोटी अधिक संभाव्य वाटते, ती यामुळे.

2021 मध्ये सारा क्लासेन, ॲलिसन कार्टर, एव्हान्स आणि सहकाऱ्यांनी लिडार, उत्खनन व जुने दस्तऐवज एकत्र करून ऐन भरभराटीच्या काळातल्या अंगकोरची लोकसंख्या 7 ते 9 लाख असावी असा अंदाज मांडला. डॉक्टरेट मिळवल्यानंतर अनेक वर्षे एकेका जोत्याची मोजदाद करत राहणाऱ्या संशोधकांचे हे काम आहे. एव्हान्स 2023 मध्ये निवर्तले.

आता या ज्ञानाची कसोटी पाहणारी एक घटना. वारसास्थळाचे रक्षण करायचे म्हणून 2022 पासून कंबोडियाच्या शासनाने संरक्षित क्षेत्रातील सुमारे 10,000 कुटुंबांचे रुन ता एक येथे व अन्यत्र स्थलांतर सुरू केले. शासनाच्या म्हणण्याप्रमाणे लोक स्वेच्छेने गेले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने 2023 च्या अहवालात तो दावा अमान्य केला. वारसा राखताना काही निर्बंध लागतात हे खरेच. पण निर्जन झाडीत उभे असलेले मंदिर हे अंगकोरचे मूळ रूप होय, ही समजूत नकाशाने खोटी ठरवली आहे. त्या मंदिरांच्या भोवती, आणि आतही, माणसे राहत होती. काय जपायचे हे ठरवणाऱ्यांनी हा नकाशा समोर ठेवायला हवा.