थ्रेड : शितावरून भाताची परीक्षा, पण शिते किती?

शितावरून भाताची परीक्षा होते, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु समोर भाताच्या पातेल्याऐवजी धान्याने भरलेली कोठारे असतील आणि प्रत्येक शीत तपासण्यास वेळ व पैसा लागत असेल, तर किती शिते पुरेशी मानावीत? या प्रश्नाचे गणिती उत्तर प्रथम कोणा विद्यापीठात नव्हे, तर डब्लिनमधील एका बीअरच्या कारखान्यात शोधले गेले. आजचा थ्रेड त्याविषयी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिनेस ही जगातील सर्वांत मोठी ब्रूअरी होती. १८८६ मध्ये तिचे शेअर्स बाजारात आले. एवढ्या प्रचंड खरेदीत जाणत्या कारागिराच्या नजरेवर आणि नाकावर विसंबून राहणे व्यवस्थापनाला जोखमीचे वाटू लागले. म्हणून १८९० च्या दशकात कंपनीने विज्ञानाचे पदवीधर नेमण्यास प्रारंभ केला. विल्यम सीली गॉसेट हे त्यांपैकी एक. ऑक्सफर्डमध्ये रसायनशास्त्र व गणित शिकून १८९९ मध्ये ते रुजू झाले, तेव्हा त्यांचे वय २३ होते.

बार्ली, म्हणजे आपल्याकडील सातू, भिजवून, मोड आणून व वाळवून माल्ट तयार होते. गरम पाण्यात त्याची साखर उतरते आणि त्या साखरेवर बीअरची तीव्रता ठरते. तत्कालीन ब्रिटिश कायद्यानुसार करही या द्रवाच्या घनतेवरच आकारला जाई. म्हणजे मोजमापातील चूक चवीलाही बाधे आणि तिजोरीलाही. अडचण अशी, की एकाच माल्टची दोनदा तपासणी केली तरी आकडे जुळत नसत.

त्या काळचे संख्याशास्त्र शेकडो निरीक्षणे हाताशी आहेत, असे गृहीत धरत असे. गॉसेट यांच्याकडे चार, पाच, फार तर दहा असत. बार्लीचे पीक तर वर्षातून एकदाच येते. आणखी नमुने हवेत म्हणून दुसरा उन्हाळा मागवता येत नाही!

नोव्हेंबर १९०४ मध्ये गॉसेट यांनी कंपनीसाठी एक अंतर्गत अहवाल लिहिला. माल्टच्या साखरेची सरासरी खऱ्या मूल्याच्या अर्ध्या अंशाच्या आत पडण्याची शक्यता किती, हे त्यांनी निरीक्षणांच्या संख्येनुसार मांडले. दोन तपासण्यांत ४ विरुद्ध १, तिनांत ७ विरुद्ध १, चारांत १२ विरुद्ध १, पाचांत १९ विरुद्ध १. कारखान्याला १० विरुद्ध १ एवढी खात्री हवी होती. तेव्हा चार तपासण्या कराव्यात.

मला या अहवालाचे खरे मोल येथे दिसते. ‘सत्य काय’ हा प्रश्न गॉसेट यांनी बाजूला ठेवला नाही, परंतु त्याच्या शेजारी ‘किती खात्री विकत घेणे परवडते’ हा दुसरा प्रश्न आणून बसवला. पाचवी तपासणी निरुपयोगी नव्हती. ती अनावश्यक होती. प्रयोगशाळेतील माणसाने व्यापाऱ्यासारखा विचार केल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

सिद्धांत मात्र अजून कच्चा होता. १९०५ च्या उन्हाळ्यात गॉसेट सायकलवरून कार्ल पियर्सन यांना भेटायला गेले आणि १९०६-०७ मध्ये लंडनला त्यांच्या प्रयोगशाळेत राहिले. तेथे त्यांनी ३००० गुन्हेगारांच्या उंचीची व डाव्या मधल्या बोटाच्या लांबीची नोंद कार्डांवर उतरवून घेतली, ती कार्डे पिसली, आणि चार-चारांचे ७५० गट पाडून आपली सूत्रे पडताळली. संगणक नव्हता, हाताने पिसलेला पत्त्यांचा डावच म्हणा ना.

१९०८ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला. लेखकाचे नाव : ‘स्टुडंट’. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने लिहू नये, हा कंपनीचा दंडक होता. संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला भेटणारी ‘स्टुडंट्स टी’ चाचणी ती हीच. नावामागे विद्यार्थी नसून ब्रूअरीचा नोकर आहे, एवढेच बहुतेकांना माहीत नसते.

पियर्सन यांना त्याचे फारसे अप्रूप वाटले नाही. इतके लहान नमुने खोडकर मद्यनिर्मातेच घेतात, अशा आशयाची थट्टा त्यांनी पत्रातून केली. मोल ओळखले ते तरुण रोनाल्ड फिशर यांनी. त्यांच्या १९२५ च्या ग्रंथामुळे ही चाचणी जगभर पोहोचली, परंतु तिच्यासोबत २० त १ हा ठोकळ निकषही रूढ झाला. गॉसेट यांच्या विचारात असा कायमचा उंबरठा नव्हता. चूक झाल्यास नुकसान किती आणि आणखी प्रयोगांचा खर्च किती, यावर खात्रीची पातळी ठरावी, असे ते मानीत. आयर्लंडच्या शेतांवर आर्चर व गोल्डथॉर्प या बार्लीच्या वाणांची तुलना करतानाही शेतकऱ्याच्या पदरी एकरी किती जादा पडेल, हेच मोजायचे होते.

हा धागा आपल्यापर्यंतही येतो. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे लंडनच्या त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले. इंदूरच्या वि. गो. पानसे यांच्यासह त्यांनी लिहिलेला कृषिसंशोधकांसाठीचा संख्याशास्त्राचा ग्रंथ १९५४ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केला. त्यात ‘स्टुडंट’ची चाचणी आहेच. यादृच्छिक निवडीने शेतातला लहानसा तुकडा आखून पीक कापण्याची व वजन करण्याची पद्धत देशात रुजवण्यातही या दोघांचा मोठा वाटा होता. आजही महसूल मंडळातील मोजक्या शेतांवर पीक कापणी प्रयोग होतात, आणि त्यांच्या सरासरीवरून संपूर्ण मंडळाच्या पीक विम्याचा हिशेब मांडला जातो. ज्याच्या शेतात कापणी झालीच नाही, त्याचेही नुकसान त्या मोजक्या शितांवरूनच ठरते.