पवळा हिवरगावकरीण

लावणीचा इतिहास म्हटला म्हणजे आपणांस प्रथम कवींची नावे आठवतात. रामजोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर आणि आमच्या संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९). हे साहजिकच आहे. कवीची रचना वहीत उतरते आणि पुढे छापली जाते. ती गाणाऱ्याचा गळा मात्र त्याच्याबरोबर लोप पावतो. याच संगमनेर तालुक्यातील एका गायिकेविषयी मी आज बोलणार आहे. ती म्हणजे पवळा हिवरगावकरीण.

पुणे-नाशिक रस्त्यावर हिवरगाव पावसा हे गाव आहे. जिल्हा अहमदनगर, २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले. या गावी १२ ऑगस्ट १८७० रोजी एका महार कुटुंबात पवळेचा जन्म झाला. घरच्यांनी तिला मुरळी म्हणून खंडोबाला वाहिले. मुरळी म्हणजे देवाशी लग्न लागलेली मुलगी. तिने संसार थाटावयाचा नाही. घरोघरच्या जागरणात वाघ्याच्या जोडीने देवाची गाणी म्हणावयाची. या रूढीने कित्येक मुलींच्या आयुष्याची माती केली. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा करावा लागला, तो काही उगाच नव्हे. पण रात्रभर चालणाऱ्या जागरणात गळा तयार होतो, हेही तितकेच खरे.

त्या काळी तमाशाच्या फडात स्त्री नसे. लुगडे नेसून नाचणारा मुलगा, ज्याला 'नाच्या पोऱ्या' म्हणत, तोच राधा होई आणि तोच वगातील राणीही होई. पवळा फडात उभी राहिली आणि ही चाल बदलली. तमाशातील पहिली स्त्री कलावंत म्हणून तिची गणना होते.

ही गोष्ट किती अवघड होती, हे आजच्या श्रोत्यास सहज कळणार नाही. ध्वनिक्षेपक नाही, विजेचा दिवा नाही, समोर शेकडो माणसे बसलेली. ढोलकी, हलगी आणि तुणतुणे यांच्या आवाजावर चढून प्रत्येक शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोहोचवावयाचा. मागे उभे असलेले सुरत्ये गाण्याचा शेवट उंच सुरात झेलून धरतात, तेवढाच काय तो गाणाऱ्याला विसावा. गणाने आरंभ व्हावयाचा, मग मथुरेच्या वाटेवरील गौळण, मग लावण्यांची रंगबाजी, आणि शेवटी उत्तररात्रीपर्यंत रंगणारा वग. असे कार्यक्रम गावोगाव करावयाचे, म्हणजे गळ्याइतकीच छातीही बळकट हवी.

पुढे पवळेची गाठ पठ्ठे बापूरावांशी पडली. बापूरावांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६६ रोजी रेठरे हरणाक्ष येथे झाला. ब्राह्मणाच्या मुलाने तमाशात शिरावे, आणि महाराच्या मुलीबरोबर फड उभारावा, हे त्या काळच्या समाजास पचणारे नव्हते. परंतु लोकांच्या कुजबुजीने फड थांबला नाही. मुंबईत या जोडीचा मोठा बोलबाला झाला. १९०८-०९ च्या सुमारास कोल्हापुरास छत्रपती शाहू महाराजांच्या राजवाड्यावर त्यांनी 'मिठाराणी'चा वग केला.

आपल्या लावण्यांची संख्या बापूराव दोन लक्ष सांगत. ती कशीही मोजली, तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: लावणी ही मुळात वाचावयाची कविता नव्हे. फडाचा कवी कागदापुढे एकटा बसत नाही. कोणत्या गळ्यासाठी आपण रचीत आहोत, हे त्याला ठाऊक असते. बापूरावांच्या लौकिकात पवळेचा वाटा आहे, तो असा. पुढे दोघांची ताटातूट झाली आणि बापूरावांच्या फडास उतरती कळा लागली, यावरूनही तो वाटा कळून येतो.

मात्र या कीर्तीची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. १९२७ साली महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले. अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा त्यांना नको होता. तमाशात कलेबरोबर अपमानही विकला जात असे, हे त्यांनी पाहिले होते. पवळेचे मोठेपण मानणाऱ्याने हा नकारही मानला पाहिजे. तिच्या कलेला टाळी देणारे हातच तिला उंबऱ्याबाहेर ठेवीत.

दूरदेशीचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेच्या दक्षिण भागात, गुलामगिरीतून सुटूनही दैन्यात राहिलेल्या काळ्या लोकांनी 'ब्लूज' नावाचे गाणे घडविले. मा रेनी ही त्यातील आद्य गायिका. तीही आपल्या राहुटीसारख्या तंबूंतून गावोगाव गात फिरली. १९२३ ते १९२८ या काळात तिची सुमारे शंभर गाणी ध्वनिमुद्रित झाली, आणि म्हणून तिचा आवाज आज आपणांस ऐकता येतो. ती २२ डिसेंबर १९३९ रोजी वारली. पवळा त्याच महिन्याच्या ६ तारखेस गेली होती. पवळेची कीर्ती मात्र तिला ऐकणाऱ्यांच्या तोंडीच राहिली, आणि आता ती पिढीही उरलेली नाही.

त्याच १९३९ साली कांताबाई सातारकर यांचा जन्म झाला. पती तुकाराम खेडकर १९६४ साली निवर्तल्यावर त्यांनी पुढे स्वतःचा फड उभा केला, पुरुषांच्या भूमिकाही गाजविल्या, आणि संगमनेरासच घर केले. मे २०२१ मध्ये त्या गेल्या, तेव्हा फडाच्या फलकावर त्यांचे नाव होते. पवळेच्या काळात स्त्रीला फडात जागा मिळणे हीच नवलाई होती. कांताबाईंनी फडच आपला केला. या दोन गोष्टींमधील वाट पवळेने पाडली आहे.

बापूरावांची लावणी आजही गाइली जाते. निवेदक कवीचे नाव अगत्याने सांगतो. त्याने त्यापुढे आणखी एक नाव उच्चारावे, इतकेच माझे सांगणे आहे.