तारेच्या बंधनातून गिटार

विद्युत्-गिटारला ध्वनिवर्धकाशी जोडणारी तार प्रसंगी जिवावर बेते, याचा दाखला १९७६ च्या डिसेंबरात फ्लोरिडातील लेकलंड येथे मिळाला. हाती गिटार असताना भूसंपर्क नसलेल्या धातूच्या कठड्याला स्पर्श होताच ‘किस’ वाद्यवृंदाचे एस फ्रेली विजेच्या धक्क्याने कोसळले.

त्यानंतर ‘किस’ने स्वीकारलेल्या, केन शॅफर यांच्या बिनतारी यंत्रणेत प्रेषक वादकाच्या अंगावर असे, आणि दोन अँटेनांपैकी जिच्यावर लहर सबळ येई तिचाच स्वीकार ग्राहकयंत्र करी. ध्वनी धाडताना आकुंचित करून पोहोचल्यावर पुन्हा प्रसृत करण्याची तिच्यातील तजवीज मला विशेष मोलाची वाटते, कारण तिने खरखर दबलीच, शिवाय स्वरालाही निराळे तेज चढले. ‘एसी/डीसी’ वाद्यवृंदाचे गिटारवादक अँगस यंग यांना ते इतके मानवले, की १९८० च्या ‘बॅक इन ब्लॅक’ या अल्बमच्या ध्वनिमुद्रणातही, जेथे तारेची काहीच अडचण नव्हती, त्यांनी हीच यंत्रणा वापरली.