रापणे आणि रंगणे : हातकणंगले तालुक्याच्या निमित्ताने

उन्हाने कातडीस येणाऱ्या रंगासाठी मराठीत 'रापणे' असे स्वतंत्र क्रियापद आहे. शेतकरी, धनगर, कोळी, शिपाई यांच्या चेहऱ्याचे वर्णन करताना ते आपण योजतो; कोणी हौसेने रापला, असे मात्र सहसा म्हणत नाही. विवाहविषयक जाहिरातींत गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी अशी प्रतवारी आढळते. तीत 'रापलेली' हा शब्द नसतो. रापणे हा आपल्या लेखी वर्ण नव्हे, तर श्रमाचा परिणाम होय. उलट पाश्चात्य देशांत विसाव्या शतकात रापलेली कांती भूषण ठरली, तिच्यासाठी सूर्यस्नानाची चाल पडली, आणि पुढे उन्हात न जाताच तो रंग देणारी मलमे निघाली. आपल्याकडे या मलमांना फारशी मागणी का निर्माण झाली नाही, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु श्रम, सावली आणि प्रतिष्ठा यांचे परस्परसंबंध तपासण्यास तो उपयोगी पडतो.

प्रथम या मलमांचा वृत्तान्त पाहू. एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपातील उच्चवर्गीय स्त्रियाही ऊन कटाक्षाने टाळीत. हा कल बदलण्यास वैद्यकाने हातभार लावला. सन १९०३ मध्ये नील्स फिन्सेन यास प्रकाशोपचाराबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ऑगुस्त रोलिये याने स्वित्झर्लंडमधील लेझाँ येथे क्षयरोग्यांसाठी सूर्योपचाराचे केंद्र उघडले. सन १९१९ मध्ये हुल्डशिन्स्की याने अतिनील किरणांनी मुडदूस बरा होतो, हे दाखविले. रुग्णाचे सूर्यस्नान लवकरच धनिकांची चैन बनले. पुढे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील सिनसिनाटी येथे ईव्हा विटगेन्स्टाइन ही संशोधिका एका चयापचयविकाराने पीडित मुलांना डायहायड्रॉक्सिॲसिटोन ही साधी शर्करा पोटात देऊन पाहत होती. द्रावण कातडीवर सांडले की तेथे तपकिरी डाग पडतो, हे तिच्या ध्यानात आले. ही शर्करा त्वचेच्या सर्वांत वरच्या, निर्जीव थरातील अमिनो आम्लांशी संयोग पावते. भाकरी भाजताना तिला जो तांबूसपणा येतो, त्याच जातीची ही क्रिया होय. त्वचेचे स्वतःचे रंगद्रव्य तीत वाढत नाही, आणि तो थर झडताच सुमारे आठवड्यात रंग उतरतो. सन १९६० च्या सुमारास अशी मलमे बाजारात आली. उन्हापासून ती नाममात्रच संरक्षण देतात. परंतु रंगासाठी उन्हात पडून राहण्याचे कारण मात्र दूर करतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ मध्ये सूर्यप्रारणाची आणि २००९ मध्ये रापण्याच्या विद्युत्-उपकरणांची गणना कर्ककारकांत केल्यानंतर या गुणाचे महत्त्व अधिकच वाढले.

पाश्चात्यांच्या या अभिरुचिबदलाचे एक कारण नेहमी सांगितले जाते. मजूर शेतातून गिरणीत गेला, तेथे निस्तेज झाला, आणि मग रापलेपणा हे फुरसतीचे लक्षण ठरले. इंग्लंड-वेल्समध्ये १८५१ च्या शिरगणतीत निम्म्याहून अधिक लोक नगरवासी ठरले होते, हे पाहता या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ते पुरेसे आहे काय? हातकणंगले तालुक्यात त्याची परीक्षा करता येते. याच तालुक्यातील इचलकरंजी येथे विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसविला, आणि कालांतराने हजारो कामगार छपराखाली आले. म्हणजे मजूर सावलीत गेल्याची घटना येथेही घडली. तरीही रापलेपणाचा मान वाढला नाही.

याचे पहिले कारण असे की माग आले तरी शेत ओस पडले नाही. वारणा-पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस वाढला. देशभक्त रत्नाप्पाण्णा कुंभार यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला पंचगंगा सहकारी साखर कारखाना आणि त्यामागून आलेले कारखाने यांनी उन्हातील श्रमाची मागणी वाढविली. बीडकडील ऊसतोडणीच्या टोळ्या येथील फडांत येतात, त्या भर उन्हातच राबतात. दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. जे दुर्मिळ, तेच प्रतिष्ठेचे होते. उत्तर युरोपात ऊन दुर्मिळ. त्यासाठी प्रवासाचा खर्च करावा लागे. येथे ऊन फुकट आहे, दुर्मिळ आहे ती सावली. शिवाय वर्णाविषयीचा विवाहातील आणि जातिव्यवस्थेतील आग्रह गिरण्यांच्या कितीतरी आधीचा आहे.

यावरून आपल्या परंपरेने ऊन त्याज्य मानले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा हिरिरीने प्रसार केला. जैन आचारात उन्हात उभे राहून करावयाच्या 'आतापना' या तपास स्थान आहे. कुंभोजजवळ बाहुबलीची उत्तुंग संगमरवरी मूर्ती उभ्याने केलेल्या तपाचीच आठवण देते. परंतु उपासना, व्यायाम वा तप यांत कातडीचा रंग हे साध्य कधीच नव्हते.

वरून लावलेल्या रंगाचेही आपल्याला वावडे नाही. सांगलीची हळदपेठ येथून जवळच आहे, आणि हळद लागल्यावाचून येथील लग्न होत नाही. फरक एवढाच की हळद लागलेल्या वधूवरांना घराबाहेर जाऊ देत नाहीत, आणि हळदीचा डाग उन्हात वाळत घातला की उडतो, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते. तिकडे उन्हाची नक्कल करणारा रंग, तर इकडे उन्हात न टिकणारा रंग!

तेव्हा रापविणाऱ्या मलमाची जागा आपल्याकडे त्याच्या प्रतिबिंबाने घेतली. मुंबईत १९१९ मध्ये 'अफगाण स्नो' निघाले. १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' आले, आणि २०२० मध्ये त्याच्या नावातील 'फेअर' हा शब्द वगळण्यात आला. दोन्ही प्रकारची मलमे एकच वस्तू विकतात : आपण कोठे व कसे राबतो, याचा कातडीवरील पुरावा बदलण्याची सोय. परंतु त्यांत एक महत्त्वाचा भेद आहे. तिकडील मलमामुळे मनुष्य उन्हाच्या अपायातून सुटू शकतो. इकडील मलम फडातल्या बाईला सावली देत नाही. उलट गोरेपणासाठी वापरल्या गेलेल्या स्टिरॉइडयुक्त मलमांनी अनेकांच्या त्वचेस इजाच झाली. तिला टोपरे, पाणी, दुपारची विश्रांती हवी असते. तिच्या रंगावर उपाय नको असतो. रापणे या शब्दात श्रमाची नोंद आहे. अभ्यासकाने ती सौंदर्याच्या खात्यावर न मांडता श्रमाच्या खात्यावरच मांडली पाहिजे.